हालचाल आढळली

त्या दिवसांत माझा फोन सकाळी आठ वाजता शंभर टक्के भरलेला असायचा आणि साडेअकरापर्यंत पंधरावर यायचा. मी त्यावर काही पाहत नव्हते, गाणी ऐकत नव्हते, कुणाशी तासन्‌तास बोलतही नव्हते. फोन माझ्या पांढऱ्या कोटाच्या खिशात असायचा आणि खिशातल्या खिशात संपायचा. वरून हात लावला तरी कोटाचं कापड गरम लागायचं.

चौक गावात, जुन्या हायवेला लागून, रक्त तपासणीची एक छोटी लॅब आहे. एका बाजूला टायरचं गॅरेज, दुसऱ्या बाजूला ढाबा. तिथे मी बरीच वर्षं काम करते. कर्जतच्या भिसेगावातून स्कूटीने जाऊन येऊन. लॅबमध्ये आम्ही तिघंच आहोत: मालक असलेले डॉक्टर, रिपोर्ट टाइप करणाऱ्या एक बाई आणि मी. लोकांचं रक्त काढायचं, नळ्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या आणि नळ्या मशिनला लावायच्या, हे माझं काम. लॅबमध्ये मोकळा प्लग एकच, औषधांच्या फ्रिजमागे. चार्जरची वायर तोकडी, म्हणून फोन फ्रिजच्या डोक्यावर ठेवावा लागायचा. मग रक्त काढून झालं की फ्रिजपाशी, नळी मशिनला लावली की फ्रिजपाशी. डबासुद्धा मी तिथेच उभ्याने खायला लागले होते. फोन संपून चालणार नव्हतं, कारण घरी सासरे एकटे होते.

सासरे कडावचे. भाताची शेती आणि चार म्हशी. चाळीस वर्षं त्यांनी सायकलला किटल्या अडकवून कर्जतला दूध घातलं. आमची इमारत उभी राहिली त्या जागी पूर्वी जी बैठी घरं होती, तिथे रोज सकाळी त्यांची घंटी वाजायची. सासूबाई गेल्या, म्हशी विकल्या, शेत चुलत दिरांनी कसायला घेतलं आणि आमचे हे त्यांना आमच्याकडे घेऊन आले. दुसरा मजला, लिफ्ट नाही. हे स्वतः गुजरातमध्ये एका कारखान्यात मशिनं दुरुस्त करतात, दोन महिन्यांतून चार दिवस घरी येतात. मुलगी पुण्याला होस्टेलवर. म्हणजे घरात सासरे आणि मी, आणि आठ ते चार नुसते सासरे.

मागच्या पावसाळ्यात ते बाथरूममध्ये पडले. सकाळी दहाच्या सुमाराला. मी चार वाजून गेल्यावर दार उघडलं तोवर ते तसेच ओल्या फरशीवर होते. त्यांचा बटणांचा फोन बादलीत पडला होता. मला बघून म्हणाले, "आलीस व्हय? आधी नळ बंद कर गं. सकाळधरनं पानी वाया चाललंय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. पनवेलला ऑपरेशन झालं, सळई घातली, मग महिना-दोन महिने अंथरूण, मग वॉकर. मी रजा संपेपर्यंत रजा काढली. ती संपली तेव्हा ह्यांनी कॅमेरा आणला.

पेरूएवढा पांढरा कॅमेरा होता. टीव्हीच्या वर भिंतीला लावला. त्याला ऐकू यायचं आणि त्यातून बोलताही यायचं. समोर काही हललं की माझ्या फोनवर अक्षरं यायची, "हालचाल आढळली". मग मी अ‍ॅप उघडायचं. उघडलं की घरातल्या कॅमेऱ्यावर एक निळा दिवा लागायचा, आणि मला आमची बैठकीची खोली दिसायची. बटण दाबून धरलं की माझा आवाज तिकडे जायचा. अ‍ॅप फोनमध्ये घालताना फोनने विचारलं होतं, ह्याला मागे सतत चालू राहू द्यायचं का. ह्यांनीच 'हो' दाबलं. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये ते घालून उपयोग नव्हता, कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत.

जाताना ह्यांनी प्लास्टिकची खुर्ची टीव्हीच्या समोर ओढून ठेवली. म्हणाले, "बाबा, इथे बसायचं. कॅमेऱ्याच्या नजरेआड जायचं नाही. बाथरूमला जायचं तर इथूनच जायचं, म्हणजे तिला कळेल."

सासरे म्हणाले, "बरं."

पहिले काही आठवडे ठीक गेले. ते फारसे उठतच नव्हते. अकराच्या आसपास फोन थरथरायचा, मी बघायचे, "बाबा, जेवलात का?" विचारायचे, ते मान हलवायचे. पुढे त्यांच्या पायात जोर आला, वॉकर खोलीभर फिरायला लागला, आणि माझा फोन थांबेचना. माझ्यासमोर माणूस बसलेला, त्याच्या दंडाला पट्टा बांधलेला, सुई शिरेत गेलेली, आणि माझ्या कमरेपाशी फोन गुरगुरतोय. सुई मध्येच सोडता येत नाही. रक्त नळीत चढेपर्यंत मला दिसत राहायचं ते बाथरूम, ती बादली. मग घाईघाईने हातमोजे काढायचे, बघायचं, ते खुर्चीत बसलेले असायचे. नवे मोजे घालायचे. पुढचा माणूस. पुन्हा थरथर.

बॅटरीचं दुखणं ह्याच सुमाराला सुरू झालं, पण मी दोन्हींची सांगड घातली नाही. मला वाटलं फोन जुना झाला. प्रत्येक जण एकेक उपाय सांगत होता. उजेड कमी कर, मी केला, इतका की बाहेर उन्हात काही दिसायचं नाही. लोकेशन बंद कर, ब्लूटूथ बंद कर, केलं. रोज रात्री बंद करून पुन्हा चालू कर, तेही केलं. रिपोर्टवाल्या बाईंनी शिकवलं की उघडी राहिलेली अ‍ॅप बोटाने वर ढकलून द्यायची. तो मला चाळाच लागला. जेवताना, सिग्नलला, देवापुढे दिवा लावताना, मी आपली ढकलतेय. शेवटी चौकातल्याच एका दुकानात नवी बॅटरी घालून घेतली. तीन दिवस बरं वाटलं. चौथ्या दिवशी दुपारी बाराला पुन्हा लाल.

ह्यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "अ‍ॅप फार झाली असतील. काढून टाक."

"कॅमेऱ्याचं काढू?"

"ते कसं काढशील? बाकीची काढ."

बाकीची म्हणजे माझी होती. क्रोशाच्या विणीचे व्हिडिओ बघायचे ते काढलं. जुनी भावगीतं ऐकायचे ते काढलं. मुलगी फोटो टाकायची ते काढलं, तिला म्हटलं आता फोनच कर. माहेरच्या बहिणींचा ग्रुप दिवसभर वाजायचा, त्यातून बाहेर पडले. धाकटी आठ दिवस रुसली होती. असं करत करत फोनमध्ये बँक उरली, गॅसचा नंबर लावायचं उरलं आणि कॅमेरा उरला. इतका रिकामा फोन मी दुकानातून आणला तेव्हाही नव्हता. आणि तो तरीही साडेअकराला संपत होता.

संपला की काय व्हायचं ते सांगते. फोन फ्रिजवर मेलेला. तो पुन्हा सुरू होण्याइतका भरायला दहा मिनिटं लागायची. ती दहा मिनिटं मी काम करायचे, पण माझे कान बाहेर असायचे. ढाब्यावर भांडं पडलं तरी दचकायचे. सुरू झाला की एकदम पंधरावीस सूचना ओळीने यायच्या. हालचाल आढळली. हालचाल आढळली. हालचाल आढळली. मग उघडून बघावं तर ते खुर्चीत, आणि बघण्यात उरलेली बॅटरी जायची.

अशाच एका सकाळी माझ्या हातून चूक झाली. दोन माणसं पाठोपाठ आली, दोघंही उपाशीपोटी साखर तपासायला. एकाची साखर वर्षानुवर्षं वाढलेली, दुसरा नोकरीसाठी दाखला हवा म्हणून आलेला काटकुळा तरुण. दोघांचं रक्त काढलं. पट्ट्या चिकटवणार तेवढ्यात फोन थरथरला. मोजे काढून बघितलं. सासरे कॅमेऱ्यासमोर रिकामी ताटली घेऊन उभे होते. मी म्हटलं, "जेवलात? बरं झालं, बसा आता." परत आले आणि पट्ट्या उलट्या चिकटवल्या.

मशिनने त्या तरुणाची साखर तीनशेच्या वर दाखवली आणि म्हाताऱ्याची अगदी छान. आकडा बघितल्याबरोबर माझ्या लक्षात आलं. दोघं अजून बाहेर बाकावरच होते. मी त्यांना पुन्हा आत बोलावलं, चुकलं म्हणून सांगितलं, पुन्हा रक्त काढलं. म्हाताऱ्याने दुसरा हात पुढे केला. तरुण म्हणाला, "मॅडम, हे जर तसंच गेलं असतं तर?"

संध्याकाळी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हणाले, "तुमच्या हातून असं कधी झालं नव्हतं. घरी काही अडचण आहे का?"

मी म्हटलं, "नाही सर. फोनची बॅटरी टिकत नाही."

"मग फोन दुरुस्त करून घ्या," म्हणाले.

बुधवारी लॅब दुपारी बंद असते. मी कर्जतला बाजारातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. पन्नाशीचे गृहस्थ, पूर्वी घड्याळं दुरुस्त करायचे, एका डोळ्याला अजून तीच भिंगाची वाटी लावतात. मी सगळं सांगितलं. त्यांनी फोन उघडलाच नाही. डॉक्टर विचारतात तसं विचारायला लागले.

"बॅटरी कुणी बदलायला सांगितली?"

"कुणी नाही. मीच."

"फोन कधी तापतो? चार्जिंगला असताना का खिशात?"

"खिशात."

"घरी असता तेव्हा?"

मी विचार केला. रविवारी मी घरी असते. रविवारी बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकायची. हे मला तोवर जाणवलंच नव्हतं.

त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन एक यादी काढली. कोणत्या अ‍ॅपने किती बॅटरी खाल्ली त्याची. सगळ्यात वर कॅमेऱ्याचं अ‍ॅप होतं, आणि त्याच्यापुढची पट्टी एवढी लांब की खालच्या सगळ्यांच्या मिळून तेवढ्या नव्हत्या.

"हा एकटा खातोय, ताई. बाकीचे गरीब हायत."

"पण मी ते सारखं उघडत नाही. वाजलं की बघते."

"तुमी उघडत नाय, पण ते झोपत नाय. कॅमेऱ्यासमोर काय हललं की ते उठतं, चित्र ओढून घेतं, फोनला उठवतं. बॅटरीत बिघाड नाय. तिला बसूच देत नाय कुणी." मग म्हणाले, "घरात कुत्रं-मांजर हाय? पंख्याखाली पडदा उडतो का? कधीकधी तेवढ्यानंही वाजतं."

"पडदा आहे. पण तो मागे असतो. घरात सासरे असतात. वॉकरने चालतात थोडं."

त्यांनी अ‍ॅपमधली नोंदींची यादी उघडली. नुसत्या वेळा होत्या, एकाखाली एक. बोट फिरवत त्यांनी आदल्या दिवशीच्या सकाळच्या मोजल्या. नऊ ते एक, शहाण्णव.

"ताई," ते म्हणाले, "वॉकरवाला मानूस चार तासांत शहाण्णव वेळा जातो कुठं?"

प्रत्येक नोंदीमागे आवाजासकट छोटं चित्रण होतं, दाबलं की दिसलं असतं. त्यांनी ते दाबलं नाही. "घरातलं मी बघत नाय. तुमी बघा," म्हणाले. मग त्या अ‍ॅपचं मागे चालणं बंद करून फोन माझ्या हातात दिला. "आता तुमी उघडाल तवाच चालेल. वाजणार नाय."

"आणि ते पडले तर?"

त्यांनी डोळ्यावरची वाटी काढली. "ते मला नाय सांगता येणार, ताई."

त्या संध्याकाळी मी पडदा दोरीने बांधून टाकला. नोंदी उघडून बघणार होते, पण सासरे समोरच खुर्चीत बसलेले. त्यांच्यासमोर बसून त्यांचीच चित्रं बघायला मला लाज वाटली. राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी खालापूरकडच्या एका कारखान्याचे चाळीसेक कामगार वार्षिक तपासणीला आले होते. रांग पार ढाब्यापर्यंत. मी फोन ड्रॉवरमध्ये टाकला आणि कामाला लागले. कंबर शांत. पहिला तासभर हलकं वाटलं, जत्रेतून घरी आल्यावर कान मोकळे होतात तसं. मग ती शांतता टोचायला लागली. वाजत होतं तेव्हा निदान ते हलताहेत हे तरी कळत होतं. आता न वाजण्याचा अर्थ ते स्वस्थ बसलेत असाही होता आणि दुसराही होता. रांग संपेपर्यंत बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी राहवलं नाही. ड्रॉवर उघडला. फोन चौऱ्याऐंशी टक्के होता. अ‍ॅप उघडलं.

खुर्ची रिकामी होती. वॉकर नव्हता. बाथरूमचं दार दिसत होतं, उघडं, आत अंधार.

मी बटण दाबलं. "बाबा? बाबा, कुठे आहात?"

पंख्याचा आवाज.

"बाबा, खुर्चीपाशी या."

पाच मिनिटं मी त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत उभी राहिले. त्यांना नवा फोन घेऊन द्यायचा राहूनच गेला होता. कॅमेऱ्यात बोलता येतं म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही. शेजारचं जोडपं नोकरीवर, त्यांच्या दाराला कुलूप. अजून आठ कामगार बाकी होते. मी डॉक्टरांच्या खोलीत जाऊन म्हटलं, "सर, मला जावं लागेल." त्यांनी कारण विचारलं नाही. उठले, हात धुतले आणि मोज्यांची पेटी स्वतःकडे ओढली.

चौक ते भिसेगाव मी कशी आले ते मला आठवत नाही, फक्त काय मनात येत होतं ते आठवतं, आणि ते सांगायला फार बरं वाटत नाही. मला ते फरशीवर पडलेले दिसत होते. आणि त्याच्या पाठोपाठ पुन्हा पनवेल, पुन्हा अंथरुणातलं भांडं, पुन्हा बिनपगारी रजा, पुन्हा ते सगळे महिने. मी त्यांच्यासाठी घाबरले होते की स्वतःसाठी, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही. एका वळणावर तर असं मनात आलं की ह्यापेक्षा एकदाच काय ते होऊन जावं. आलं आणि गेलं, पण आलं होतं.

दार उघडलं. बैठकीत कुणी नाही, बाथरूममध्ये नाही, आतल्या खोलीत नाही. गॅलरीचं दार लोटलेलं होतं. ते ढकललं तर सासरे गॅलरीत, गज धरून उभे. खाली रस्त्यापलीकडच्या मोकळ्या प्लॉटमध्ये कुणाची तरी म्हैस बांधली होती, तिच्याकडे बघत. मला बघून खूश होऊन म्हणाले, "गाभण हाय ती. आठ-पंधरा दिसांत व्येल बग."

मी ओरडले. इतकी ओरडले की खालून एकाने वर बघितलं. "मी तिकडे हाका मारतेय! कामधंदा टाकून आले! कुणाला विचारून बाहेर आलात?"

शेवटचं वाक्य माझ्याच कानाला लागलं. पण ते तोंडातून गेलं होतं.

त्यांचा हात गजावरून खाली आला. "ईचारनार व्हतो गं," ते म्हणाले. "पन ती निळी बत्ती आज सकाळधरनं लागलीच नाय. मला वाटलं आज तू बगत नाय. म्हून जरा हुबा रायलो."

एवढं बोलून त्यांनी वॉकर वळवला, एकेक पाऊल टाकत आत आले आणि त्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड कॅमेऱ्याकडे. मी त्याच खोलीत, त्यांच्यापासून चार हातांवर उभी होते.

मी स्वयंपाकघरात गेले. ओट्याला टेकून फोन काढला आणि आदल्या दिवसाच्या नोंदी उघडल्या.

पहिल्या चित्रात ते वॉकरने कॅमेऱ्याजवळ येतात, पाण्याची बाटली वर धरतात. "ह्ये बग, पानी प्यालो." मागे जाऊन बसतात. काही मिनिटांनी पुन्हा उठतात. गोळ्यांचं रिकामं पाकीट कॅमेऱ्यापुढे धरतात. "लाल गोळी घेतली." बसतात. मग वर्तमानपत्र. "पेपर वाचला." मग नुसतेच येऊन उभे राहतात, "काय नाय, बसलोय." दिवा लागत नाही, म्हणजे मी तेव्हा कुणाच्या तरी शिरेत सुई धरून उभी असणार. ते थोडं थांबतात, हात हलवतात, परत जातात, परत येतात. कधीतरी दिवा लागतो, माझा आवाज येतो, घाईचा, "जेवलात का? गोळी घेतली का?" आणि त्यांचा चेहरा खुलतो. ते "व्हय व्हय" म्हणतात. माझा आवाज बंद होतो. ते दिव्याकडे बघत राहतात, तो विझेपर्यंत.

मग त्या गुरुवारच्या सकाळच्या नोंदी. फोन वाजला नव्हता, तरी कॅमेरा ठेवत होता सगळं. नऊपासून साडेअकरापर्यंत ते उठत होते आणि बसत होते. शेवटच्या चित्रात ते अगदी जवळ येऊन म्हणतात, "आज काम लय दिसतंय. कर, कर." आणि डावीकडे, गॅलरीच्या बाजूला, दिसेनासे होतात.

मी बाहेर आले. त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. विचारलं, "बाबा, तुम्ही सारखे कॅमेऱ्यापुढे येऊन का दाखवता?"

त्यांना प्रश्नाचं नवल वाटलं. "तू ईचारतेस ना? जेवलात का, पानी प्यालात का. मंग म्हटलं आदीच दाखवून ठेवावं. तू कामात आसतेस. तुला ईचाराया लागू नये."

म्हणजे माझा त्रास वाचावा म्हणून ते दिवसभर ऊठबस करत होते, आणि त्या ऊठबशीने माझा फोन मरत होता. मी ते त्यांना सांगितलं नाही. सांगायला हवं होतं की नको होतं, कोण जाणे.

"ह्याआधी गॅलरीत कधी गेला होतात?"

ते आठवायला लागले. "पडलो त्याच्या आदी."

सात महिने. गॅलरी खुर्चीपासून बारा पावलांवर आहे. "का नाही गेलात, बाबा?"

"कॅमेरा तिकडं बगत नाय ना," ते म्हणाले.

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "वाजणं बंद केलंस ते मला पटत नाही. पुन्हा पडले तर? पुन्हा सहा तास?"

"मग मी काय करू? नोकरी सोडू?"

"मी तसं म्हटलं का?"

"मग तुम्ही या."

"मी आलो तर घर कशावर चालणार?"

दोघांचंही बरोबर होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. आतल्या खोलीत सासऱ्यांनी रेडिओचा आवाज वाढवला. आमचं ऐकू येत होतं त्यांना.

शेवटी जे ठरलं ते असं. त्यांना बटणांचा नवा फोन घेतला, दोरीने गळ्यात अडकवायचा, फक्त अंघोळीला जाताना काढून बाथरूमबाहेरच्या खुंटीला लावायचा. मी दिवसातून तीन वेळा फोन करायचा: साडेदहा, एक चाळीस, तीन. कॅमेरा टीव्हीवरून काढून बाथरूमच्या दाराकडे तोंड करून लावला, वाजणं बंदच ठेवलं. खुर्ची गॅलरीत नेली.

ते सात-आठ दिवस गॅलरीत गेलेच नाहीत. खुर्ची नाही म्हणून पलंगाच्या कडेवर बसायचे, जिथे पूर्वी कॅमेरा होता त्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीत आता नुसतं स्क्रूचं भोक होतं. मी म्हणायचे, "बाबा, जा ना बाहेर," ते "जातो" म्हणायचे. रविवारी मी स्वतः त्यांच्याबरोबर गॅलरीत बसले, दुपारभर, शेंगा सोलत. पुढच्या रविवारीही. मग एका सोमवारी साडेदहाच्या फोनवर मागे रस्त्याचा आवाज आला, टेंपोचा हॉर्न, आणि मला कळलं ते कुठे उभे आहेत. मी विचारलं नाही.

फोन आता संध्याकाळी घरी येतो तेव्हा साठाच्या खाली नसतो. मी बहिणींच्या ग्रुपमध्ये परत गेले, धाकटीने मुद्दाम दोन दिवस मला कुणी नवीन बाई असल्यासारखं वागवलं. बाकी फारसं काही बदललेलं नाही. कमरेपाशी फोन थरथरल्याचा भास अजून होतो, ज्या कोटात फोन नसतो त्या कोटातही. साडेदहा ते एक चाळीस हा वेळ मी नीट श्वास घेत नाही असं रिपोर्टवाल्या बाई म्हणतात. सासऱ्यांनाही ते ठाऊक असावं. तीनच्या फोनवर ते कधीकधी मलाच विचारतात, "जेवलीस का गं?"

मागच्या मंगळवारी एक चाळीसला मी फोन लावला. समोर एक बाई बसलेली, तिच्या दंडाला पट्टा बांधून झालेला. हा फोन मी कामाच्या मध्येही करते, डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. रिंग वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी त्या बाईच्या दंडाचा पट्टा सोडला, "दोन मिनिटं हं" म्हटलं आणि कॅमेऱ्याचं अ‍ॅप उघडलं. बाथरूमचं दार, बंद. आत दिवा आहे की नाही ते कळत नव्हतं. खुंटीला फोन दिसत नव्हता. तिसऱ्यांदा लावला. सहाव्या रिंगला उचलला.

"डोळा लागला व्हता," ते म्हणाले. "हितं वारा बरा येतो. काय काम व्हतं?"

"काही नाही, बाबा."

"मंग ठेव."

मी मोजे घातले. बाईच्या दंडाला पुन्हा पट्टा बांधला, बोटाने शीर शोधायला लागले. सापडत नव्हती. दोनदा जागा बदलली. बाई माझ्या हाताकडे बघत होती. भीत भीत म्हणाली, "ताई, तुम्ही इथे नवीन आहात का?"

"नाही," मी म्हटलं. "मूठ आवळा."